सत्त्याण्णवची पँट

पुरुष कपड्यांच्या दुकानात का येत नाहीत, यावर आमच्या कंपनीने गेल्या वर्षी इतक्या बैठका घेतल्या, की तेवढ्या वेळात आम्ही घरोघर जाऊन त्यांना कपडे शिवून दिले असते. ट्रेगार्थन हे आमच्या दुकानाचं नाव ऑस्ट्रेलियातल्या या जिलाँग शहरात पोरासोरांनाही ठाऊक. लोकरीच्या गिरण्या धडधडत होत्या तेव्हापासूनचं दुकान, पुढे राज्यभर शाखा. पहिल्या नोकरीचा सूट इथला, लग्नाचा इथला, आणि नवरा गेल्यावर त्याच्या अंगावर चढवायला बायको कपाटातून जो सूट काढून द्यायची तोही इथलाच. तेच आमचं दुखणं होतं. पंचविशीतल्या मुलांना आम्ही बापाचं दुकान वाटायचो, आणि बाप यायचे बंद झाले होते.

काय काय नाही केलं आम्ही. पाटीवरची सोनेरी अक्षरं उतरवून बारीक काळी अक्षरं लावली. दुकानात कॉफीचं यंत्र बसवलं. हातभर गोंदलेला एक न्हावी बसवला. शनिवारी फुकट बिअर ठेवली, तर लोकांनी बिअर प्यायली आणि शेजारच्या दुकानात जाऊन मोजे घेतले. पँटी आधी घोट्याच्या वर चढल्या, मग खाली आल्या, मग इतक्या सैल झाल्या की एकीत दोघं मावले असते. पन्नाशीतला माणूस दारातून डोकावायचा, ते सगळं बघायचा आणि चुकून बायकांच्या पार्लरमध्ये शिरल्यासारखा मागच्या मागे फिरायचा.

मी मापांची प्रमुख. कुठल्या मापाला कुठे किती कापड, हे माझं खातं. आमचा मुख्य फर्गस, सिडनीहून आणलेला, हुशार आणि सतत घाईत. एका बैठकीत तो मला म्हणाला, "जॅनेल, तू बावीस वर्षं इथे आहेस. तूच सांग, हा माणूस जातो कुठे?"

"ट्रायल रूममध्ये जातो," मी म्हणाले. "आपलं नेहमीचं माप घेऊन. बटण लागत नाही. बाई असती तर पडद्यातून हात काढून मोठं माप मागितलं असतं. हा पँट परत टांगतो, घड्याळ बघतो आणि निघून जातो. परत येत नाही."

"मग त्याला मोठं माप द्यायचं कसं?"

"लहान म्हणून द्यायचं," मी म्हणाले, आणि सगळे हसले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच होतं ते. पण फर्गस हसला नाही. आमच्याकडे पँटीवर कंबरेचं माप सेंटिमीटरात असतं, पाच-पाचच्या पायऱ्यांनी: ९२, ९७, १०२. पायरी तीच ठेवायची, कापड तेच ठेवायचं, फक्त लेबल एक घर खाली सरकवायचं. एकशे दोनच्या पँटीवर सत्त्याण्णव. गिऱ्हाईक आत जाईल तेव्हा जाडं असेल, बाहेर येईल तेव्हा सडपातळ. बाकीच्या कंपन्या हे कधीपासून करताहेत, असं फर्गस म्हणाला, आणि ते खरंच होतं. मी कागदावर सही केली. हिवाळा संपेपर्यंत नव्या लेबलांचा माल दुकानात आला आणि विक्री अशी चढली, की फर्गसने आम्हाला केक आणला.

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं.

डॅड नॉरलेनला एकटा राहतो. जन्मभर मोटारींच्या कारखान्यात दरवाजे जोडले, मग कारखाना बंद झाला, मग आई गेली. उरला बोल्सचा क्लब. हिरवळीवर गोळे घरंगळवायचे, प्रत्येक गोळ्यामागे एकमेकांना टोमणे मारायचे, आणि शुक्रवारी संध्याकाळी मांसाच्या ट्रेच्या सोडतीत तिकीट घ्यायचं. चॉप्स, सॉसेज, एखादा मोठा रोस्ट. डॅडला सोडत लागते. आयुष्यात दुसरं काही फुकट मिळालं नाही, पण मेंढीचं मांस मिळालं, असं तो म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात डॉ. सेनानायके यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की साखर वाढली आहे, गोळ्या सुरू करू, पण पोट कमी केलं नाहीस तर नुसत्या गोळ्या पुरणार नाहीत, आणि पहिले जातील ते पाय. डॅडला पायांचं लागलं. घरी येऊन त्याने बिअर सोडली, पाय सोडले. म्हणजे इंग्रजी खायचे ‘पाय’, मैद्याच्या पारीत मांस भरलेले, गरमागरम, वर सॉस ओतलेले. रोज सकाळी ईस्टर्न बीचला गाडी लावून किनाऱ्याने चालायला लागला. जिलाँगचा हिवाळा, समुद्रावरचा वारा कानफटात मारणारा, आणि हा एकाहत्तर वर्षांचा माणूस लोकरी टोपी ओढून चाललाय. मी कामावर जाताना एकदोनदा गाडीतून पाहिलं. हॉर्न वाजवला तर हात वर केला, पण थांबला नाही. मला त्याचा इतका अभिमान वाटला होता.

त्याला वजनकाट्याचा राग. आईचा काटा होता, तो तिच्यामागे फेकून दिला. डॉक्टरांचा काटा डॉक्टरांच्या बाजूचा, हे त्याचं ठाम मत. "काटा खोटं बोलतो, डॉक्टर घाबरवतो," तो म्हणायचा. "पँट कुणाची मिंधी नसते. शिरली तर शिरली."

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे फादर्स डे. त्या दिवशी मी डॅडला आमच्या दुकानात नेऊन एक पँट घेऊन देते, मग आम्ही धक्क्यावर मासे आणि चिप्स खातो. वर्षानुवर्षं हे असंच. माप ठरलेलं, एकशे दोन, आणि तेही गेली काही वर्षं श्वास रोखून.

मी लेबलांचं विसरले होते का? नाही. पण हे आपल्या घरात शिरेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. दुकानातला माल गिऱ्हाइकांसाठी असतो, आणि डॅड म्हणजे काही गिऱ्हाईक नव्हे.

तो एकशे दोन घेऊन पडद्याआड गेला. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"नेल, ही पडतेय गं."

"काय पडतेय?"

"पँट. धरून उभा आहे मी. एक घर खालची आण बघू."

मी रॅकपाशी गेले. सत्त्याण्णवची काढली. ती हातात धरून मी पडद्याबाहेर उभी होते, आणि तेव्हा मला नीट कळलं की मी काय घेऊन उभी आहे. आत्ता सांगायचं, असं मनाशी म्हणाले. हसत हसत सांगायचं. आमची लबाडी आहे रे डॅड, लेबलाकडे बघू नकोस. एका वाक्याचं काम. पडद्यातून त्याचा हात बाहेर आला आणि मी पँट त्या हातात दिली.

तो बाहेर आला तेव्हा बटण लागलेलं होतं, आणि तो श्वास घेत होता. आरशासमोर एका अंगाने उभा राहिला, मग दुसऱ्या. लेबल उलटं करून चष्म्यातून वाचलं. मग हसत माझ्याकडे वळला आणि त्याचे डोळे भरून आले होते. आईच्या अंत्यविधीतही तो रडला नव्हता.

"तुझ्या आईशी लग्न केलं ना, तेव्हापासून सत्त्याण्णव पाहिलं नव्हतं मी," तो म्हणाला. "तो वारा खाल्ला, त्याचं चीज झालं बघ."

"झालं की," मी म्हणाले.

त्या माणसाला मी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि खाली शिडी धरून उभीसुद्धा राहिले नाही. दोन पँटी घेतल्या त्याने, एक क्लबासाठी पांढरी. धक्क्यावर त्या दिवशी त्याने चिप्सचा मोठा पुडा मागितला. "आज चालतं," म्हणाला. मी माझा मासा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

खरं सांगायचं तर त्यातलं थोडं खरं होतं. पूर्वीची एकशे दोन त्याला करकचून बसायची, ही सहज बसली. म्हणजे तो उतरला होता, चालून चालून, बोटभर का होईना. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. माझं खातंच ते आहे. त्या बोटभरावर मी माझी समजूत घालून घेतली: अगदीच खोटं नाही ना, त्याला हुरूप येईल, आणखी चालेल.

तो चालायचा थांबला. एकदम नाही. आधी पावसाचं निमित्त, मग क्लबाचा मोसम सुरू झाला त्याचं. जुन्या पँटी त्याने पिशवीत भरून दानपेटीत टाकून दिल्या. "जाड्या माणसाचे कपडे घरात नकोत," म्हणाला. त्यामुळे जुनी आणि नवी शेजारी धरून बघायची सोयही गेली. शुक्रवारची बिअर परत आली. सोडतीतले चॉप्स दोघांतिघांत वाटून टाकायचा, ते आता घरी तव्यावर यायला लागले.

ऑक्टोबरात त्याची डॉक्टरांची तपासणी होती. मी फोन केला.

"नेऊ का तुला?"

"रद्द केली ती."

"का?"

"कशाला त्यांचा वेळ खायचा? कमरेचं कमी करा म्हणाले होते, केलं. गोळ्यापण अर्ध्या केल्या मी. उगाच औषधं खाऊ नयेत माणसाने."

"डॅड, असं आपल्या मनाने नको करूस. दाखवून तरी ये."

"अगं, तुझीच पँट सांगतेय ना," तो म्हणाला. "तुमच्यासारखं कापड कुणाचं नाही. मी सगळ्यांना सांगतो."

मी बरं म्हणून फोन ठेवला. मन खात होतं, आणि मी त्याला खाऊ देत होते. कारण आता एका वाक्याचं काम राहिलं नव्हतं. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलंस, हेही सांगावं लागणार. रोज एक दिवस जात होता आणि रोज ते वाक्य जड होत होतं.

तो खरंच सगळ्यांना सांगत होता. क्लबातले म्हातारे एकेक करून ट्रेगार्थनमध्ये गेले आणि एकेक माप उतरून बाहेर आले. एका रविवारी मी डॅडला आणायला क्लबात गेले, तर कॉल रॅटक्लिफ, त्याचा जन्माचा दोस्त, टेबलाशी उभा राहून कमरेचा पट्टा ओढून दाखवत होता.

"मी एक पाव सोडला नाही, एक ग्लास सोडला नाही, आणि एक माप उतरलो," कॉल म्हणत होता. "तू उगाच समुद्रावर झिजलास, मर्व्ह."

डॅड हसला नाही. कॉलचा दंड धरून त्याला जरा बाजूला घेतलं.

"हे बघ, थट्टा नको," तो हळू आवाजात म्हणाला. "माझं उतरलं ते मेहनतीने. तुझं आपोआप उतरतंय. हे लक्षण बरं नव्हे. माझ्या मेव्हण्याचं असंच झालं होतं. उद्या जा आणि रक्त तपासून घे."

कॉलचा चेहरा पडला. मी तिथे गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होते. दोन म्हातारी माणसं माझ्या लेबलावरून एकमेकांच्या जिवाची काळजी करत होती, आणि मी म्हणाले, "निघू या का?"

कॉल खरंच जाऊन आला. त्याला काही झालेलं नव्हतं. डॅडला त्याच्याहून जास्त आनंद झाला.

फर्गसच्या कानावर हे गेलं ते दुकानातल्या मुलींकडून. तो माझ्या टेबलाशी आला. "तुझे वडील? आणि तू मला सांगितलं नाहीस? अख्खा क्लब त्यांच्यामागून आपल्याकडे आलाय. जॅनेल, जाहिरातींत आपण जिममधली पोरं दाखवतो आणि म्हातारे घाबरतात. आपल्याला मर्व्ह पाहिजे. खरा माणूस, खरं माप."

"तो लाजाळू आहे," मी म्हणाले. हे धडधडीत खोटं होतं.

"विचारून तर बघ."

मी विचारलं नाही. फर्गसने परस्पर फोन केला, आणि डॅडने मला फोन केला, आणि त्याच्या आवाजात मी कधी ऐकली नव्हती इतकी खुशी होती. मी नाही म्हणू शकले असते. कारण मात्र द्यावं लागलं असतं.

नोव्हेंबरात ईस्टर्न बीचवर फोटो काढले. जिथे तो टोपी ओढून चालायचा तिथेच. कडक ऊन, समुद्र चकचकीत, आणि मधोमध माझा बाप, गव्हाळ रंगाची सैल पँट, निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. केस कापलेले. छान दिसत होता तो. पायात पांढरे बूट, आतून मोजे नाहीत. मोजे घातले की माणूस म्हातारा दिसतो, असं यंदाचं शहाणपण होतं.

"मोज्याशिवाय?" डॅडने विचारलं. "पोरीसारखं?"

"फॅशन आहे, मर्व्ह," फर्गस म्हणाला.

"असेल बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

पुढे चाल, मागे ये, पुन्हा चाल, हस, समुद्राकडे बघ. सकाळभर तो चालत होता. कितीतरी दिवसांनी चालत होता. बूट नवे, कडक, जरा लहानच. मधे मी पाणी घेऊन गेले आणि विचारलं, "पायाला लागत नाहीत ना?"

"काहीसुद्धा लागत नाही," तो म्हणाला. "कापसासारखे आहेत."

संपल्यावर तो बाकावर बसला. बूट काढायला वाकला, पण पोट आडवं आलं. मला वर बघून हसला. "सत्त्याण्णव झालं तरी वाकता येत नाही बघ." मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि उजवा बूट ओढला. बूट सहज निघाला नाही. निघाला तेव्हा आतलं पांढरं कापड लाल झालेलं होतं, आणि त्याच्या करंगळीची कातडी बुटाला चिकटून आली होती.

"काय झालं?" डॅडने वरून विचारलं. तो अजून हसत होता. त्याला काही कळलंच नव्हतं. पायाला काही जाणवतच नव्हतं.

मी त्याला तसंच गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. नर्सचं नाव ओलिना, मोठी, शांत, हळू बोलणारी बाई. तिने पाय धुतला, बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्रात बघितलं आणि पुन्हा एकदा घेतला. मग त्याला काट्यावर उभं केलं.

"गोळ्या नियमित घेताय ना, काका?"

"अर्ध्या घेतो. गरज नाही मला. वजन उतरवलंय मी."

ओलिनाने आधीचे कागद पाहिले. "उन्हाळ्यात होतं त्याच्यापेक्षा जास्त आहे हे."

"तुमचा काटा बिघडलाय."

"सकाळीच तपासलाय, काका."

"बाई, मी एक अख्खं माप उतरलोय," डॅड म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट समजूत घालत असल्यासारखा होता. "एकशे दोनचा सत्त्याण्णव झालो. माझी मुलगी ट्रेगार्थनमध्ये मापांची प्रमुख आहे. तीच ठरवते. विचारा हिला."

ओलिनाने माझ्याकडे बघितलं. डॅडनेही बघितलं, अगदी निर्धास्त, माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभात बघायचा तसं.

"डॅड," मी म्हणाले, "मापं आम्ही बदलली. लेबलं खाली सरकवली. ती सत्त्याण्णव म्हणजे जुनी एकशे दोनच आहे."

"कुणी बदलली?"

"मी."

"कधी?"

"तू घेतलीस त्याच्या आधी."

"म्हणजे मी पडद्याआड होतो, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

ओलिना पट्टी आणायचं निमित्त करून बाहेर गेली. डॅड काट्यावरून उतरून कॉटच्या कडेला बसला. एक पाय उघडा, करंगळीला कापूस. मला वाटलं तो ओरडेल. मला ते हवं होतं. आयुष्यभर दरवाजे आपटणारा माणूस, आपटू दे एकदा.

"कॉलचंपण तसंच?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि मी त्या बिचाऱ्याला रक्त तपासायला पाठवलं."

मी रडायला लागले. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"आणि मी चाललो ते?" तो म्हणाला. "थंडीत. तेही खोटंच का?"

"नाही डॅड. ते खरं होतं. तू थोडा उतरला होतास. मला दिसलं होतं तेव्हा."

"किती?"

"दोन-तीन सेंटिमीटर असेल."

त्याने कमरेच्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "थोडं का होईना, ते माझं होतं, नेल. लोकांना कळण्यासारखं नव्हतं, पण मला कळलं असतं. पट्टा एक भोक आत गेला असता. तेवढ्यावर मी उन्हाळाभर चाललो असतो. तू त्याच्यावर तुझे पाच सेंटिमीटर ओतलेस. आता माझं कुठलं आणि तुमचं कुठलं, कसं निवडायचं मी?"

ओलिना पट्टी घेऊन परत आली.

करंगळी गेली. जखम चिघळली, बरेच दिवस त्याला तिथे ठेवलं, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले की बाकीचा पाय वाचवायचा तर ही काढू. डॉ. सेनानायके भेटायला आले. मला बाहेर नेऊन म्हणाले, "स्वतःला फार लावून घेऊ नका. तपासणी त्यांनी स्वतः रद्द केली." भला माणूस. त्यांना सगळं माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. होतं तेवढं धैर्य मी त्या एका दिवसात खर्चून बसले होते.

फर्गसकडे मात्र गेले. सगळं सांगितलं. तो मनापासून हळहळला, आणि फोटो वापरणार नाही म्हणाला. लेबलांचं विचारलं तेव्हा त्याने खुर्ची मागे सरकवली.

"आपण एकट्याने खरं लिहायचं? पलीकडच्या दुकानात तोच माणूस सत्त्याण्णव आणि आपल्याकडे एकशे दोन. तो काय म्हणेल? ट्रेगार्थन खरं बोलतं म्हणेल? ट्रेगार्थनचं कापड आटतं म्हणेल."

मी त्याच्यावर चिडून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले. घराचे हप्ते आहेत, मुलगा कॉलेजात आहे, अशी कारणं मी स्वतःला देते, आणि ती खरी आहेत. लेबलं होती तशीच आहेत. सध्या त्यांच्या कागदांवर दुसऱ्या कुणाची सही असते, एवढाच फरक.

फोटो लागले नाहीत म्हणून डॅडला क्लबात विचारत होते. "मॉडेल कुठाय आमचा?" कॉल बोटांनी चौकट करून त्याच्याकडे बघायचा. डॅडने कुणाला काही सांगितलं नाही. मलाच एकदा म्हणाला, "आधी मला विचारलं होतं, काढून टाकताना नाही विचारलं." ते फोटोबद्दल होतं की बोटाबद्दल, मी विचारलं नाही.

आता तो पुन्हा चालतो. काठी घेऊन, जाड मोजे घालून, सावकाश. गोळ्या पूर्ण घेतो, आणि शिवाय रोज इन्सुलिनची सुई. मी दर रविवारी जाते, सूप नेते, पायाची पट्टी बदलते. ती तो बदलू देतो. बोलतो माझ्याशी, थट्टाही करतो. परक्यांनी पाहिलं तर त्यांना काही वेगळं दिसणार नाही.

मागच्या रविवारी गेले तेव्हा कॉल आलेला होता. मी पर्समधून माझी मोजपट्टी काढली, कामाची, पिवळी, गेली बावीस वर्षं माझ्या गळ्यात असलेली. "डॅड, उभा राहा. कंबर मोजू या. लेबल नको, नुसती पट्टी."

तो उठला. माझ्या हातातून पट्टी घेतली, अगदी प्रेमाने, आणि कॉलला दिली.

"चल रे आत," तो कॉलला म्हणाला. "तू मोज."

दोघं झोपायच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. मी स्वयंपाकघरात सूप ढवळत उभी राहिले. आतून कॉलचा आवाज आला, पोट आत ओढू नकोस मूर्खा, आणि डॅडचा, ओढलेलं नाही, हे असंच आहे. मग कॉल काहीतरी आकडा बोलला. नीट ऐकू आला नाही. डॅड म्हणाला, "परत मोज." कॉलने परत मोजलं. मग डॅड हसला. मनापासूनचं हसू होतं ते, दुकानात आरशासमोर हसला होता त्याहून लहान.

ते बाहेर आले. डॅडने पट्टीची नीट गुंडाळी करून माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसला.

"किती?" मी विचारलं.

"सूप वाढ," तो म्हणाला. "कॉललापण दे."